ह्या वेळी मागणार नाही

‘कितवा लागला, ताई?’ शेजारच्या बाईने विचारलं आणि मी ‘पाचवा’ म्हणून मोकळी झाले. त्याआधी घडलं ते एवढंच, की ओश बाजाराच्या थांब्यावर मी मार्शरुत्कात चढले आणि दारापाशी बसलेला एक पोरगा उठून उभा राहिला. त्यात नवल काही नाही. आमच्या बिश्केकमध्ये केस पिकलेल्या बाईसमोर कोणी पोर बसून राहिलंच, तर अख्खी मिनीबस त्याला बोलून बोलून खाली उतरवेल. पण हा उठताना माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, पोटाकडे बघत होता, आणि त्याने हात पुढे केला तोही म्हातारीला देतात तसा नाही, जपून, जणू माझ्या हातात काचेचं भांडं आहे. मी बसले. कोटाची बटणं पोटावर ताणलेली होती, ती झाकायला पर्स मांडीवर घेतली तर ती घसरायला लागली, कारण मांडी आता उरलीच नव्हती. तेवढ्यात त्या बाईने विचारलं. मला म्हणता आलं असतं, अहो माझं वय काय, त्रेपन्नावं चालू आहे, ही गाठ आहे. पण तोंडातून आलं ते ‘पाचवा’. आणि मी खोटंही बोलले नव्हते. परवाच डॉक्टरीणबाईंनी ते तसंच मोजलं होतं. बाईने माझ्या दंडावर थोपटलं, ‘देवाने दिलं, देवाने दिलं,’ असं दोनदा म्हणाली, मग मान वाकडी करून माझा चेहरा नीट न्याहाळला आणि म्हणाली, ‘आपल्या आयिमकान आपांच्या सूनबाई ना तुम्ही? मी दामिरा. त्यांच्याच गल्लीत, निळ्या फाटकाचं घर.’ मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? शब्द तोंडातून गेला तो गेला.

गाठी अशाच मोजतात, आठवड्यांत. लिंबाएवढी, संत्र्याएवढी असं सांगितलं असतं तर मला चाललं असतं. फळांबद्दल कोणाला काही वाटत नाही. पण डॉक्टरीणबाईंनी, रोझा सातारोवनांनी, गार बोटांनी पोट चाचपलं, बेंबीखाली तळहात आडवा धरला आणि नर्सला म्हणाल्या, ‘अठरा आठवड्यांची आहे.’ एखादीकडे गोडधोड मागावं अशा सुरात. मग हात धुता धुता, पाठमोऱ्याच, ‘मुलं किती?’ मी म्हटलं, एक. ‘झालं तर मग. पिशवी काढून टाकू. आता काय करायचंय तिचं?’ मी विचारलं, दुसरा काही उपाय नाही का? आहे, त्या म्हणाल्या, पाळी जायची वाट बघायची, पाळी गेली की गाठ आपोआप आक्रसते. पण अंगावरून इतकं जातंय, रक्त इतकं उतरलंय, की आधी पाळी जाते का तुम्ही जाता ते बघावं लागेल. आणि हसल्या. बाई चांगली आहे, हाताला गुण आहे म्हणतात तिच्या. पण पुढच्या गुरुवारची वेळ देऊन तिने मला बाहेर काढलं, तेव्हा वाटलं की घरातली जुनी शिवणयंत्राची पेटी अडगळ झाली म्हणून कोणीतरी उचलायला येणार आहे आणि मी फक्त दार उघडून द्यायचं आहे. आता काय करायचंय तिचं. हेच वाक्य कारखान्यात नाझिराने म्हटलं. आम्ही दोघी एकाच टेबलावर कापड कापतो, एकावर एक थर रचून. तिची पिशवी चार वर्षांपूर्वी काढली. ‘अगं सुटशील! पांढरी पँट घाल, पोहायला जा,’ ती म्हणाली. नाझिरा जन्मात कधी पोहायला गेलेली नाही. लगेच स्वर उतरवून म्हणाली, ‘फक्त मिशा जरा जास्त येतात.’ आणि माझा नवरा जोल्दोश, त्याने टीव्हीवरची नजर न काढता सांगितलं, ‘तुला हवं तसं कर.’ ह्या वाक्याचा मला जितका राग येतो तितका शिवीचाही येत नाही. वर वर बघता मोकळीक वाटते. खरं म्हणजे तो हात झटकून बसलेला असतो. मला काय हवंय ते विचारायला आधी माझ्याकडे बघायला नको का?

मला काय हवंय? मला हवंय की पहाटे उठल्यावर चादर बघावी लागू नये. जिने चढताना मध्येच थांबून खोटंच फोनकडे बघायला लागू नये. गडद रंगाचेच स्कर्ट शिवून मी कंटाळले. मला ती गाठ नको आहे, हे अगदी स्पष्ट आहे. मग पिशवी म्हटलं की माझे पाय का अडतात? म्हातारपणी मूल हवंय अशातली मी नाही, एवढी खुळी नाही. पण कुणी ‘आता काय करायचंय तिचं’ म्हटलं की मला दुसरं एक वाक्य ऐकू येतं, ह्याच लोकांचं, तीस-एक वर्षांपूर्वीचं: ‘तू तरुण आहेस, तुला आणखी होतील.’ तेव्हा त्यांनी ते कितीदा म्हटलं! सासूने म्हटलं, नवऱ्याने म्हटलं, माझ्या स्वतःच्या आईने म्हटलं. पहिला नातू आजी-आजोबांचा, असं आमच्यात असतंच. त्यात सासरे त्याच हिवाळ्यात गेलेले, घर रिकामं, चुलीत कोळसा नाही, देश मोडून नवा झालेला आणि कुणाच्या हाताला काम नाही. आपाला, म्हणजे सासूला, घरात एक रडणारं काहीतरी हवं होतं. बाळ चाळीस दिवसांचं झालं तसं गल्लीतल्या चार म्हाताऱ्या जमल्या, आपाने सैल झगा घातला, आणि बाळाला तिच्या गळ्यातून आत घालून झग्याच्या घेरातून खाली काढलं, तीन वेळा, म्हणजे तो तिच्या पोटचा झाला. एक म्हातारी म्हणाली, ‘बाळंतपण सोपं झालं गं आयिमकान!’ आणि सगळ्या हसल्या. मीही हसले असेन. बाळाचं नाव तिनेच ठेवलं, तिलेक, म्हणजे मनातली इच्छा. तिची. मला आठवतं ते तिचं आपला वाळलेला स्तन त्याच्या तोंडात देणं, आणि त्याचं चोखून चोखून चिडणं, आणि माझ्या अंगावर दूध उतरून झगा भिजणं. कुणी मला विचारलं नव्हतं, त्यामुळे ‘नाही’ तरी कुणाला म्हणायचं ते कळत नव्हतं. चौथ्या दिवशी मला तंत्रनिकेतनाच्या वसतिगृहात परत पाठवलं. शिकून घे, म्हणाले. तिथे खोलीतल्या मुली निजल्या की नव्हे, भर दुपारी, त्या वर्गात असताना, मी खिडकीकडे पाठ करून पत्र्याच्या मगात दूध पिळून काढायची आणि मोरीत ओतायची. मग टॉवेल घट्ट बांधायची. दुधाला दूधच म्हणायचं हे माहीत होतं, पण ते ओतताना त्याला काय म्हणतात हे कुणी सांगितलं नव्हतं. आणखी झाली नाहीत. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेलं. आणि आपाच्या अंगणात वाढलेला, तिला आपा म्हणजे आई म्हणणारा, जोल्दोशला दादा म्हणणारा माझा मुलगा मला वहिनी म्हणतो. लाडानेही म्हणतो कधी कधी. म्हणून माझे पाय अडतात. ‘आणखी होतील’ हा त्यांचा शब्द होता, आणि तो जिथे खरा व्हायचा ती जागा निदान अजून माझ्याकडे होती. ती काढून दिली की ते सगळे मोकळे. नालायकपणाचा विचार आहे हा, मला कळतं. कुणाला शिक्षा म्हणून आपल्याच पोटात गाठ सांभाळायची! पण डोक्यात यायचा तो येतोच.

त्या रविवारी मार्शरुत्कातून मी आपाकडेच चालले होते. शहराच्या कडेला, जिथे नव्या वस्त्या टेकडीवर चढत गेल्यात, तिथे तिचं घर. जोल्दोश तिचा चुलीचा पाइप बसवायला सकाळीच गेला होता. उतरल्यावर मी नान घ्यायला कोपऱ्यावर थांबले, आणि दामिरा मात्र पाठीमागे कुत्रं लागल्यासारखी चढण चढत गेली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण तिच्या मागे धावायला माझ्यात दम होता का? मी नान कागदात गुंडाळून घेतले, दोनदा थांबले, आणि फाटकाशी पोचले तर ती बाहेर येत होती, डोक्याला आपाचा तो रेशमी रुमाल बांधून, लाल काठाचा, सणासाठी ठेवलेला, अजून घडी न मोडलेला. चांगली बातमी आधी आणणाऱ्याने ‘सुयुंचू!’ म्हणून ओरडायचं आणि बातमीचं बक्षीस उकळायचं, ही आमच्याकडची जुनी रीत; घरात हाताला जे चांगलं लागेल ते काढून द्यावं लागतं. दामिराने मला डोळा मारला आणि म्हणाली, ‘म्हातारीने तर सणाचा रुमालच सोडला हो!’

आत गेले तर आपा दारात उभी. ऐंशी उलटलेली बाई, गुडघे गेलेले, एरवी मी आल्यावर गादीवरून हलतही नाही, चहा मी ओतायचा, लाकडं मी आणायची. तिने माझ्या हातातून नान घेतले. कोट उतरवू लागली. मला भीतीच वाटली तिची.

‘आपा, अहो राहू द्या.’

‘तू बोलू नको. बस. भिंतीला टेकून बस, इथे उबेला. तिलेक! वहिनीच्या पाठीला उशी दे रे, उभा काय राहिलास खांबासारखा?’

तिलेक उशी घेऊन आला. गाड्या दुरुस्त करणारे त्याचे हात, नखांत काळं. त्याने उशी माझ्याजवळ ठेवली, पाठीला लावली नाही, आणि माझ्याकडे बघितलंही नाही. त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं, लाजला. तिशीतला माणूस, आणि वहिनीला ह्या वयात दिवस गेलेले. जोल्दोश चुलीशी उकिडवा बसला होता, हाताला काजळी. त्याला खरं ठाऊक होतं. त्याला गुरुवारची वेळ ठाऊक होती. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, आणि पाइपचा सांधा फडक्याने पुसायला लागला.

‘ह्यात लपवायचं काय असतं गं पोरी?’ आपा म्हणाली. ‘मी हिवाळाभर बघतेय. माझे गुडघे गेलेत, डोळे नाही. म्हटलं, सांगेल आपण होऊन. माझी आजीसुद्धा पन्नाशी उलटल्यावर व्याली होती, माझा धाकटा मामा, तो चांगला घोड्यावर बसायचा. काही होत नाही. कलेजी खा.’

तिने स्वतःच्या हाताने ताटातली कलेजी सुरीने कापून माझ्यासमोर ठेवली, वर मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा तुकडा ठेवला. मी म्हणायचा प्रयत्न केला. खरंच केला. ‘आपा, तुम्हाला दामिराने काय सांगितलं ते...’ एवढं म्हणाले, तर तिने हात वर केला. आमच्या घरात तो हात वर झाला की कुणी बोलत नाही, जोल्दोशसुद्धा, आणि तो पन्नाशी उलटलेला आहे. आपा थोडा वेळ टेबलाच्या कापडावरचे कण गोळा करत बसली. मग म्हणाली, ‘एक सांगायचंय. ह्या वेळी मी मागणार नाही. हे तुझं. मी हात लावायची नाही.’

जोल्दोश तसाच उकिडवा. आपा माझ्याकडे बघत नव्हती, तिने ते कणच एका बोटाने पुन्हा पसरले. तीस वर्षं मी ह्या बाईच्या तोंडून हे ऐकायची वाट बघत होते हे मला त्या क्षणी कळलं, त्याआधी माहीतही नव्हतं, आणि ते आलं तेही कशासाठी, तर एका गाठीसाठी! मला ओरडावंसं वाटलं. मला तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसंही वाटलं, त्याचाच जास्त संताप आला. मी कलेजी खाल्ली. गरम होती, छान होती. तिलेक उठला, ‘गाडी बघायचीये एकाची,’ असं म्हणून जेवण अर्धं टाकून निघून गेला. आपा त्याच्यामागून ओरडली, ‘टोपी घाल!’ त्याने घातली नाही.

परतताना गाडीत जोल्दोश रस्त्यावर नजर ठेवून चालवत होता. शेवटी मीच म्हटलं, ‘तू का नाही सांगितलंस?’

‘तू का नाही सांगितलंस?’

‘मला बोलू दिलं का तिने?’

‘मला वाटलं तू सांगशील. तुझं पोट आहे.’

‘आज माझं झालं होय!’

सिग्नलला थांबलो तेव्हा तो म्हणाला, ‘किती खूश झाली होती. हसली पण.’ मग हिरवा झाला. मला त्याची कीवही आली. तिलेक आईकडे गेला तेव्हा तोही बावीस-तेवीसचा होता. आईच्या उठलेल्या हाताखाली तो आयुष्यभर बसून राहिला. पण कीव आली म्हणून राग जातो असं नाही, दोन्ही एकमेकांच्या शेजारी बसतात.

सोमवारी कामावर सगळं नेहमीसारखं होतं आणि मी मात्र फसवणूक करणाऱ्या बाईसारखी वावरत होते. कापडाचे थर टेबलावर अंथरले, वर खडूने बाह्या आखल्या, विजेची सुरी फिरवली. सुरी फिरवताना मन रिकामं लागतं, नाहीतर बोट जातं, आणि माझ्या मनात काय चालू होतं तर मे महिना. पाचवा आता, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाला. छोटीशी टोपी, जर्दाळूच्या झाडाखाली झोळी. मी हे ठरवून मनात आणत नव्हते, आपाच्या त्या एका वाक्याला लागूनच ते सगळं आलं होतं, आणि मी त्याला हाकलत नव्हते. मग दुपारी एकदम ओटीपोटात कळ आली आणि उभ्या उभ्या पायावरून ओघळ आला. नाझिराने मला आडोशाला नेलं, आपलं जाकीट कमरेला बांधलं. ‘गुरुवारपर्यंत टिकशील ना?’ ती म्हणाली. मी म्हटलं, गुरुवारी जायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. तिने माझी हनुवटी उचलली. ‘वेडी झालीस का? तोंड बघ आरशात. मेणासारखी दिसतेस.’ मी तिला म्हटलं की पाळी गेली की गाठ आक्रसते. आक्रसते, ती म्हणाली, तू जिवंत असलीस तर. आणि मला खरंच वाटत होतं, की थांबावं. महिना, दोन महिने. हळूहळू ती बारीक होत जाईल, कुणाला सांगायला नको, आपाला वाटेल की गेलं, ह्या वयात टिकलं नाही; आणि तिचं वाक्य तसंच राहील. डॉक्टरला नाही म्हणायचं, ते एवढ्यासाठी! मी मोरीशी तोंड धुतलं. आरशात बघितलं नाही.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तिलेक आला. कारखान्याच्या आवारात कोळशाच्या धुराने हवा पिवळट झालेली, गाडीच्या टपावर हात ठेवून तो उभा होता. हातात बरणी.

‘आपाने मलई पाठवलीये. तुम्हाला खायला सांगितलंय. सगळी. मला बघून यायला सांगितलंय की खाताय का.’

‘ठेव. खाईन.’

त्याने बरणी दिली नाही. पायाने बर्फाची कड फोडत राहिला. तिलेकचा उजवा पाय असाच चालतो, विचारात असला की. हे मला ठाऊक आहे, इतर कुणा दिराबद्दल त्याच्या वहिनीला ठाऊक नसेल इतकं ठाऊक आहे. मग तो म्हणाला, ‘वहिनी, आपा परवा म्हणाली, ह्या वेळी मागणार नाही.’

‘हो.’

‘म्हणजे त्या वेळी तिने मागितलं होतं?’

मला प्रश्नच कळला नाही. असं विचारलं त्याने, जणू कुणी विचारावं, पाणी ओलं असतं का. ‘अरे, मागितलंच ना. नाहीतर तू तिथे कसा गेलास?’

‘मला तसं सांगितलेलं नाही.’ तो बर्फाकडे बघत होता. ‘लहान असताना मी विचारलं होतं. ती म्हणाली, तुम्हाला शिकायचं होतं. तुम्हीच मला आणून तिच्या मांडीवर ठेवलंत, आणि दुसऱ्या दिवशी मागे न बघता निघून गेलात. मला एवढंच माहीत होतं. आणि आता हे... ह्याला तुम्ही ठेवून घेणार आहात. ते ठीक आहे, मी काही लहान नाही. पण जेवण गेलं नाही मला.’

मागे न बघता. चौथ्या दिवशी, छातीला टॉवेल बांधून, त्या खिळखिळ्या बसच्या मागच्या काचेतून मी बघत होते, काचेवर बर्फ होतं, मी नखाने खरवडत होते. हे त्याला सांगायला मी तोंड उघडलं आणि मधलं काहीच न सांगता, सरळ ते मगातलं दूध सांगितलं. पत्र्याचा मग, खिडकी, मोरी. तो माझा मुलगा आहे, तिशीचा आहे, आणि मी त्याला कारखान्याच्या आवारात, शिवायला येणाऱ्या मुली येत-जात असताना, दुधाचं सांगत होते. त्याचे कान परत लाल झाले. ‘मला कुणी विचारलं नाही,’ मी म्हटलं. ‘तू म्हणशील, मग “नाही” का म्हणाला नाहीत. विचारलं असतं तर म्हणाले असते. एवढंच आहे.’ मला रडू यायला हवं होतं. पण मला राग आला होता. तीस वर्षं मला वाटत होतं त्याला ठाऊक आहे आणि त्याला चालतं. तीस वर्षं त्याला वाटत होतं मी त्याला टाकलं आणि मला चालतं. आणि दर रविवारी आम्ही एका ताटात जेवत होतो. एवढं एक वाक्य ह्या घरात बोललं जायला माझ्या पोटात गाठ वाढावी लागली.

‘तिलेक, मूल नाहीये,’ मी म्हटलं. ‘गाठ आहे. ती बाई बसमध्ये चुकली आणि मी तिला चुकू दिलं. गुरुवारी पिशवी काढायची आहे.’

ते ‘काढायची आहे’ म्हटलं तेव्हा माझं मलाच ऐकू आलं, की ठरलेलं आहे. कधी ठरलं कुणास ठाऊक, बोलता बोलता ठरलं. कारण ती सांभाळून ठेवायची ती कुणासाठी? ज्या गोष्टीची वाट बघत होते ती येऊन माझ्यासमोर उभी होती, हातात मलईची बरणी धरून.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या पोटाकडे. मग म्हणाला, ‘आपाला माहीत नाही.’

‘आत्ता सांगते.’ मी फोन काढला. थांबले असते तर सांगितलं नसतं. आपाने उचलला, ‘खाल्लीस का?’ म्हणून आधीच ओरडली. मी सगळं एका दमात सांगितलं. पलीकडे टीव्ही चालू होता, कुणीतरी गात होतं, मग तो बंद झाला.

‘मग मला बोलू का दिलंस?’ ती म्हणाली. ‘मी एवढं बोलले.’

‘आपा, नाहीतर तुम्ही ते कधी बोलला असतात?’

ती श्वास घेत होती, त्याला घरघर होती. मला वाटलं शिव्या देईल. रुमालाचं काहीतरी पुटपुटली, दामिराचं काहीतरी. मग विचारलं, ‘पोरगा तिथेच आहे का?’

‘आहे.’

‘ऐकतोय?’

‘ऐकतोय.’

पुन्हा ती घरघर. ‘त्याला जेवायला वेळेवर पाठव,’ ती म्हणाली आणि फोन ठेवला. ह्याहून जास्त ती देणार नाही. मला तेवढ्यावर भागवायचं नव्हतं, मी फोन हातात धरून उभी होते, परत लावावा, म्हणावं की सांगा त्याला, तुमच्या तोंडून सांगा. पण ती ऐंशीची आहे आणि तिच्या घरात आता टीव्हीसुद्धा बंद आहे. मी फोन खिशात टाकला.

‘रक्त लागेल,’ मी तिलेकला म्हटलं. ‘तिथे घरच्यांनी रक्त द्यावं लागतं, नाहीतर ते पोट उघडतच नाहीत. जोल्दोशचं चालत नाही, त्याला कावीळ होऊन गेलीये.’

‘माझं चालेल?’

‘तुझं चालेल.’

‘कधी यायचं?’

‘गुरुवारी सकाळी. आणि आदल्या दिवशी तेलकट खाऊ नकोस, चरबी तर नाहीच, आपा कितीही वाढू दे. तसलं रक्त ते घेत नाहीत. सकाळी गोड चहा पिऊन ये, उपाशी येऊ नकोस, चक्कर येईल. लहानपणी तुला सुई बघूनच चक्कर यायची. बघू नकोस तिकडे, भिंतीकडे बघ.’ मी बोलतच सुटले होते. इतक्या सूचना मी त्याला कधी दिल्या नव्हत्या. तो हक्क दुसरीकडे होता. तो एकेका वाक्याला मान हलवत होता, शाळेतल्या मुलासारखा, आणि बर्फ फोडायचं त्याने थांबवलं होतं.

बरणी त्याने माझ्या हातात दिली. गाडीचं दार उघडलं, एक पाय आत टाकला आणि माझ्याकडे वळला, निघताना वळतो तसा, ‘येतो, वहिनी’ म्हणायला. तोंड उघडलं. ते त्याच्याकडून म्हणवेना, आणि त्याजागी दुसरं काही म्हणायची त्याच्या जिभेला सवय नव्हती. मीही त्याला काही सुचवलं नाही. ‘येतो,’ तो म्हणाला, नुसतंच, आणि दार ओढून घेतलं.